वर्षाचा हिशेब एका दिवसात होत नाही

निकालाचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच बदलतो. एरवी कैरीच्या लोणच्याला बुरशी का धरते, लोकरीचे कपडे कसे ठेवावेत, असं तुम्ही विचारता. निकाल लागले की मात्र "मुलगा दोन दिवस धड जेवला नाही", "मुलगी दार लावून बसते", "ह्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलंय", अशी पत्रं सुरू होतात. या वेळी एका भगिनीनं सरळच विचारलंय, "शेजारच्या मुलीला इतके मिळाले, मग तुला का नाही, असं विचारलं तर माझं काय चुकलं?"

उत्तर देण्यापूर्वी मी स्वतः काय करून बसले होते ते सांगते. मग माझं ऐकायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

गोष्ट २०२० सालची. आम्ही खडवलीचे. कसाऱ्याच्या गाडीनं टिटवाळा सोडलं की पुढचं स्टेशन आमचं. त्या साली मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि आमच्यासारख्या गावांचे हातपायच बांधले गेले. ह्यांची नोकरी ठाण्याला, पगार निम्म्यावर आलेला. ऑक्टोबरच्या २१ तारखेपासून बायकांना ठरावीक वेळेत लोकलनं जाता येऊ लागलं, तेव्हा सकाळी अकराच्या पुढे कल्याणला जाऊन तीनच्या आत परत यायचं, अशी माझी धावपळ. पुरुषमाणसं घरी आणि पिशव्या घेऊन गाडीत आम्ही, असा उलटा संसार.

घर एकत्र. जाऊबाईंचा मुलगा आणि माझा धाकटा एकाच वयाचे, दोघंही बारावी सायन्सचे. दोघांनी एकाच टेबलावर समोरासमोर बसून सीईटीचा अभ्यास केला. परीक्षा लांबत लांबत ऑक्टोबरात झाली, निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागला. पुतण्याला ९४ पर्सेंटाइल, आमच्या चिरंजीवांना ६१.

पुतण्याला पेढा भरवला आणि वळून मी म्हणाले, "एकाच घरातलं खाल्लंत, एकाच टेबलावर बसलात, पुस्तकंसुद्धा तीच. मग तुलाच काय झालं?"

आवाज चढवला नव्हता बरं का. पण पोरगं त्या दिवसापासून मुकं झालं. हाक मारली की जेवायला यायचं, ताट घासून ठेवायचं आणि मोबाइल घेऊन गच्चीवर जायचं. आठवडा असा गेला. जाऊबाई बिचाऱ्या स्वतःच्या मुलाचं कौतुकसुद्धा दबक्या आवाजात करू लागल्या. घर कसं मिठाशिवायच्या आमटीसारखं झालं.

डिसेंबरच्या ७ तारखेला, सोमवारी, तो जेवायला आला नाही. गच्चीवर नाही, मागच्या अंगणात नाही. सासूबाई म्हणाल्या, "नदीकडे गेला असेल." मैत्रिणींनो, आम्हा खडवलीकरांच्या पोटात त्या एका शब्दानं गोळा येतो. भातसा नदी दिसायला देखणी, पण पावसाळ्यात सहलीला आलेली किती तरी मुलं तिनं नेली आहेत. पावसाळा संपला होता, पाणी शांत होतं, सगळं मला कळत होतं. तरी गॅस बंद केला की नाही हेही न बघता मी चपला अडकवून निघाले.

तो घाटाच्या पायरीवर बसला होता. गुडघ्यावर मोबाइल, शेजारी एक वही. "घरात रेंज नाही," एवढंच म्हणाला. मीही काही बोलले नाही, नुसती शेजारी टेकले. पाय कापत होते ना! जरा वेळानं विचारलं, "काय बघतोयस?" तर म्हणाला, "कालची शर्यत. पुन्हा बघतोय."

आता ही शर्यत कसली, ते त्यानं मला सांगितलं तसंच तुम्हाला सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच आहे.

चाकांवर मडगार्ड नाही, डोक्यावर छप्पर नाही, जेमतेम एक माणूस मावेल अशा त्या होडीसारख्या गाड्या तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. त्यातली सगळ्यात वरची स्पर्धा फॉर्म्युला वन आणि तिच्या खालची पायरी फॉर्म्युला टू. या खालच्या पायरीचं एक मला फार आवडलं. सगळ्यांना एकाच बनावटीची गाडी, एकाच कारखान्याचं इंजिन, एकाच कंपनीचे टायर. म्हणजे सगळ्यांना सारखंच कापड आणि सारखाच बेत, शिवण ज्याची त्याची. हंगाम म्हणजे एक शर्यत नव्हे. २०२० साली महामारीमुळे तो मार्चऐवजी जुलैत ऑस्ट्रियाला सुरू झाला आणि डिसेंबरपर्यंत १२ ठिकाणी प्रत्येकी दोन, अशा २४ शर्यती झाल्या. शनिवारची मोठी शर्यत जिंकणाऱ्याला २५ गुण आणि दहाव्याला एक. रविवारची धाकटी जिंकणाऱ्याला १५ आणि आठव्याला एक. त्याच्या खाली शून्य. गाड्या २२, म्हणजे दर रविवारी चौदा जण रिकाम्या हातानं घरी! सगळ्या गुणांची बेरीज करून वर्षाच्या शेवटी विजेता ठरतो.

त्या २२ जणांत आपल्या मुंबईचा एक मुलगा होता, जेहान दारूवाला. कार्टिंगच्या छोट्या गाड्यांवर शिकलेला. फोर्स इंडिया संघानं २०११ साली देशभरातून होतकरू मुलं शोधली, त्यात निवडलेल्या तिघांपैकी हा एक. २०१९ साली खालच्या फॉर्म्युला थ्रीमध्ये तो वर्षाचा तिसरा आला होता. म्हणजे पोरगं हुशार म्हणूनच वरच्या वर्गात गेलं. आणि वरच्या वर्गात पहिल्या वर्षी? सुरुवातच चांगली होईना. शर्यतीमागून शर्यत, हाती थोडंच.

खरी मेख पुढेच आहे. प्रत्येक संघात दोन गाड्या असतात. जेहानच्या कार्लिन संघातली दुसरी गाडी होती युकी त्सुनोदा या जपानी मुलाकडे. वयानं जेहानहून लहान, त्याचंही फॉर्म्युला टूतलं ते पहिलंच वर्ष. तोच संघ, तेच गॅरेज, तीच गाडी. आणि त्सुनोदा पहिल्या काही जणांत, तर आपला मुलगा खूप खाली.

मुलानं वही माझ्यापुढे धरली. त्यात २४ रकाने आखलेले, दोघांची नावं एकाखाली एक आणि दर शर्यतीचे गुण. "आई, एकाच टेबलावर," तो म्हणाला. वर बघितलं नाही.

मैत्रिणींनो, मला तेव्हा नदीत पाय बुडवून बसल्यासारखं गार झालं. मी एक वाक्य बोलून मोकळी झाले होते. त्यानं ते २४ रकान्यांत मांडून ठेवलं होतं.

मग त्यानं शर्यत दाखवली. बहारीनमधला तो मार्ग जेमतेम साडेतीन किलोमीटरचा, एक फेरी साधारण एका मिनिटाची. ६ डिसेंबरची ही हंगामातली चोविसावी, म्हणजे अगदी शेवटची शर्यत. जेहान पहिल्या रांगेतून निघाला. शेजारी डॅन टिक्टम हा इंग्रज मुलगा आणि मागून मिक शूमाकर, सात वेळा जगज्जेता झालेल्या मायकल शूमाकरचा मुलगा. सुरुवातीलाच तिघं असे अंगाला अंग घासून वळणात शिरले की मी डोळेच मिटले. या झटापटीत मिकच्या टायरचा बळी गेला. ब्रेक जोरात लागून चाक फिरायचं थांबलं की टायर एकाच जागी झिजतो. मग गाडी हादरत राहते आणि वेग जातो. जेहाननं मात्र आपले टायर सांभाळले. त्या वर्षी सगळ्यांना नव्या, मोठ्या मापाचे टायर दिलेले होते आणि ते तापू न देता शेवटपर्यंत पुरवणं हेच अवघड होऊन बसलेलं. आपण महिनाअखेरीला सिलिंडर पुरवतो ना, तसंच. पहिल्या आठवड्यात उधळलं की चौथ्या आठवड्यात चूल.

आणि जेहान जिंकला. त्सुनोदा दुसरा, टिक्टम तिसरा. फॉर्म्युला टू या नावाच्या स्पर्धेत शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. (त्याआधी हीच पायरी जीपी टू म्हणून ओळखली जायची, तेव्हा चेन्नईच्या करुण चंडोकनं २००७ साली बेल्जियममध्ये जिंकलं होतं.)

मी टाळीच वाजवली. आईचं मन, लगेच दाखला द्यायला धावतं. म्हटलं, "बघ! शेवटी त्यानं त्या जपान्याला मागे टाकलंच की नाही? तूही असाच..."

"आई," तो मध्येच म्हणाला, "तो वर्षात बारावाच आला. त्सुनोदा तिसरा. बेरीज बघ." वहीत लिहिलेलं होतं, २०० आणि ७२.

मी गप्प. मग त्यानं आणखी एक दाखवलं. त्याच दिवशी, त्याच शर्यतीत मिक शूमाकर अठरावा आला. गुण शून्य. आणि त्याच संध्याकाळी तो वर्षाचा विजेता ठरला. कारण वर्षभराची त्याची बेरीज २१५, आणि मागोमाग असलेल्या कॅलम आयलॉटलाही त्या दिवशी गुण मिळाले नाहीत. म्हणजे चोविसाव्या शर्यतीच्या दिवशी वर्षाचा बारावा सगळ्यांत पुढे होता आणि वर्षाचा पहिला अठरावा!

"मग खरं कुठलं?" मी विचारलं.

"दोन्ही," तो म्हणाला. "कालचं पण खरं आणि वर्षाचं पण."

मैत्रिणींनो, अठरा वर्षांच्या मुलानं मला हे शिकवलं. मी त्याच्या एका दिवसाच्या निकालावरून त्याचं सगळं वर्ष मोजलं होतं. आणि आता समजूत घालायला निघाले तीसुद्धा दुसऱ्या एका दिवसाचा आधार घेऊन! दोन्हीकडे चूक तीच. त्याला खोटा दिलासा नको होता. ६१ हे ६१च आहेत, हे त्याला माझ्याहून चांगलं कळत होतं. त्याला एवढंच हवं होतं, की त्याचे बाकीचे रकाने कुणी तरी बघावेत. त्याच वर्षी आजोबांना रोज इंजेक्शनची आठवण त्यानंच केली होती, बंद पडलेला मिक्सर उघडून दुरुस्त केला होता, बाबांची जुनी मोटारसायकल ठाण्यापर्यंत जाईल अशी करून दिली होती. त्यातला एकही रकाना मी आखला नव्हता.

घाटावरच मी त्याला म्हटलं, "माझं चुकलं. टेबलाचं बोलायला नको होतं." तो हसला वगैरे नाही. "भूक लागलीय," म्हणाला. त्या दिवशीची पिठलं-भाकरी मी जन्मात विसरणार नाही. आणि हो, गॅस बंदच केलेला होता.

आता पत्रातल्या भगिनीला उत्तर. बाई, विचारलंत यात पाप नाही. मीही विचारलं होतं. पण या प्रश्नाला मूल उत्तर देऊ शकत नाही. एकाच गॅरेजातल्या दोन गाड्यांतसुद्धा २०० आणि ७२ होतात, मग एका घरातल्या दोन मुलांचं काय? तेव्हा अनुभवानं सुचलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली. निकालाच्या दिवशी हिशेब मांडू नका. त्या दिवशी फक्त जेवू घाला. चर्चा चार दिवसांनी, आणि तीही मुलानं सुरू केली तर उत्तम.

दुसरी. तुलना करायचीच तर मुलाची त्याच्या स्वतःच्याच मागच्या रकान्याशी करा. एक वही करा. महिन्याच्या शेवटी दोनच ओळी, या महिन्यात काय जमलं आणि काय अडलं. घरखर्चाची वही ठेवता ना, तितक्याच शांतपणे. जमलेलं आधी लिहा. अर्धा गुणसुद्धा लिहून ठेवा. १९७५ साली स्पेनमध्ये अपघातामुळे शर्यत लवकर थांबवली, म्हणून लेला लोंबार्डी या इटालियन बाईला सहाव्या जागेचा अर्धाच गुण मिळाला. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवलेली ती आजवरची एकमेव स्त्री. अर्ध्या गुणानं नाव राहिलंय!

तिसरी. खोटं कौतुक करू नका. "काही हरकत नाही, तूच पहिला" असं म्हटलं की मुलं आपल्यावरचा विश्वास काढून घेतात. बारावा म्हणजे बारावा. पण बावीस जणांत उभं राहायला आधी तिथवर पोचावं लागतं, हेही सांगा.

चौथी. मूल गप्प झालं, जेवणझोप तुटली, तर "आपोआप येईल ताळ्यावर" म्हणून बसू नका. शेजारी जाऊन टेका. बोललंच पाहिजे असं नाही. आणि दोन आठवड्यांनीही फरक पडला नाही, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा एकदा जरी निघाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्यात लाज कसली?

आता शर्यतीचं वेड असलेल्या मुलांच्या आयांसाठी थोडं. घाटावरून येताना मी त्याला विचारलं होतं, "या पोरांच्या आया कशा बघत असतील रे हे?" तेव्हा त्यानं सांगितलं, की बरोबर आठवड्यापूर्वी, २९ नोव्हेंबरला, तिथंच फॉर्म्युला वनच्या शर्यतीत रोमाँ ग्रोजाँ या चालकाची गाडी कठड्यात घुसून पेटली. सुमारे २८ सेकंद तो ज्वाळांत होता आणि हात भाजण्यावर निभावलं. आग न धरणारे कपडे, हेल्मेट आणि डोक्याभोवतीची टायटॅनियमची कमान, यांनी त्याला वाचवलं. ही कमान २०१८ पासून सक्तीची झाली, तेव्हा गाडी कुरूप दिसते म्हणून किती तरी जणांनी नाकं मुरडली होती. तरीही हा खेळ जीव घेतो. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बेल्जियमला याच फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आंत्वान ह्यूबेर हा २२ वर्षांचा फ्रेंच मुलगा गेला.

हे मुलांपासून लपवू नका. उलट नीट सांगा, की इतकी साधनं अंगावर असलेल्यांची ही गत, तर पडघ्याच्या हायवेवर बिनहेल्मेटच्या पोराचं काय होईल? कायदाही लक्षात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "जरा कोपऱ्यावरून दूध आण" म्हणून किल्ली देणाऱ्या आपणच असतो, नाही का? वेगाची हौस असेल तर ती कार्टिंगच्या आखलेल्या मार्गावर, हेल्मेट घालून, वाढदिवसाची भेट म्हणून एकदा पुरवा. रस्त्यावर नाही.

आणि ही हौस मुलग्यांचीच, असंही समजू नका. पुण्याच्या डायना पंडोल या दोन मुलांच्या आईनं २०२४ साली राष्ट्रीय मोटार शर्यतींत सलून, म्हणजे छपराच्या साध्या गाड्यांच्या गटाचं अजिंक्यपद मिळवलं. असं अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. लेकीनं पान्हा हातात घेतला तर तो काढून लाटणं देऊ नका.

शेवटी, पुढे काय झालं ते विचारालच. त्सुनोदा लगेच २०२१ मध्ये फॉर्म्युला वनला गेला. जेहान आणखी तीन वर्षं फॉर्म्युला टूमध्येच राहिला, आणखी शर्यती जिंकला, पण फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरायची संधी काही त्याला मिळाली नाही. २०२४ साली तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत मासेराटीच्या गाडीतून पूर्ण हंगाम धावला. वरची पायरी मिळाली नाही म्हणून त्यानं गाडी सोडली नाही.

आमचा पुतण्या इंजिनीअर झाला, त्याचं आम्हाला कौतुकच आहे. धाकट्यानं डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, ऑटोमोबाइलला. आता एका वर्कशॉपमध्ये नोकरीला आहे. पगार बेताचा. रात्री आठच्या कसाऱ्यानं येतो, हाताला ग्रीसचा वास असतो, आणि जेवताना न विचारता दिवसभराचं सांगत बसतो. हा रकाना माझ्या वहीत रोज भरला जातो.

ती २४ रकान्यांची वही मी मागून घेतली आहे. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलीय. कुणाला काही बोलावंसं वाटलं की आधी तिच्याकडे बघते.

तुमच्या घरच्या वहीत या महिन्यात काय लिहिलंत, ते मात्र जरूर कळवा.